पाठवणारे टोक

दिनांक ११ जानेवारी २०२६, रविवार, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. प्रेक्षक दोन: मी आणि माझी पत्नी. नातीने जेवणाच्या टेबलावरची बरणी आणि वर्तमानपत्र बाजूला सारले, लॅपटॉप ठेवला, खिडकीचा पडदा ओढला आणि म्हणाली, "मध्येच प्रश्न विचारायचे नाहीत, आजोबा. संपल्यावर."

नात ॲनिमेशनच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा हा नऊ मिनिटांचा चित्रपट पुढल्या आठवड्यात परीक्षकांपुढे जायचा होता. विषय तिने माझ्याकडूनच घेतलेला असल्यामुळे मी इस्त्रीचा सदरा घालून बसलो होतो.

विषय असा. मी बावीस वर्षे एका विद्युत उपकेंद्रात ऑपरेटर होतो. आमच्याकडे येणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिनीचे दुसरे टोक डोंगरापलीकडे, धरणाजवळच्या उपकेंद्रात होते. रोज सकाळी सहाला दोन्ही टोकांचे मीटर वाचायचे आणि आकडे फोनवर पडताळायचे: तिकडून किती वीज निघाली, इकडे किती पोचली. तिकडच्या गृहस्थांना मी कधी पाहिले नाही. ते मला 'पलीकडचे' म्हणत आणि मीही त्यांना 'पलीकडचे'च म्हणे. आकडे दोन मिनिटांत संपत. मग मुलांचे निकाल, गुडघे, बदल्या आणि वरिष्ठांची उणीदुणी. मी निवृत्त झाल्यावरही त्यांचा फोन घरी येत राहिला. तीन वर्षांपूर्वी तो एकाएकी बंद झाला.

माझ्या जागी आलेल्या ऑपरेटरला मी आडून विचारले. "आहेत की, ठणठणीत आहेत," तो म्हणाला. म्हणजे माणूस हयात होता, कामावर होता आणि मला फोन करीत नव्हता. त्यावर आणखी काय विचारणार? मी तो विषय मनातून काढून टाकला. निदान घरी तसे सांगितले.

पडद्यावर वाळवंटातला एक उंट दिसला आणि बर्फावरचा एक पेंग्विन. दोघांच्या मध्ये खांबाखांबांवरून गेलेली तार. सकाळी घंटा वाजे. उंट म्हणे, "आज ऊन चाळीस." पेंग्विन म्हणे, "पोचलं एकोणचाळीस." मग त्यांच्या गप्पा सुरू होत. नातीने रंग सुरेख भरले होते. माझा गोंधळ मात्र दुसऱ्याच मिनिटाला सुरू झाला. यात मी कोण?

उंटाच्या नाकावर दोरी बांधलेला चष्मा होता. तसा चष्मा मी वापरतो. पण उंटाच्या गळ्यात करड्या रंगाचा मफलर होता आणि मी जन्मात मफलर घातलेला नाही. शिवाय ऊन पाठवणारा उंट होता. वीज तर आम्ही घेत होतो. त्या हिशेबाने मी पेंग्विन ठरत होतो आणि माझा चष्मा भलत्याच्याच नाकावर होता.

पुढे एके दिवशी घंटा थांबली. उंट फोनपुढे बसून राहिला. पेंग्विनही फोनपुढे बसून राहिला. वाळूचे ढीग सरकले, बर्फ वितळून पुन्हा गोठला. उंट तारेकडे पाहत म्हणाला, "आता पाठवणारे ते." आणि पडदा काळा झाला.

"संपला?" मी विचारले.

"शेवट राहिलाय," नात म्हणाली.

"पेंग्विन म्हणजे अगदी तुम्ही हो," पत्नी म्हणाली. "हात मागे बांधून तस्सेच डुलत चालता."

"चष्मा उंटाला आहे."

"चष्म्याचं काय घेऊन बसलात? चाल बघा की."

"आणि वाळवंटात मफलर कशाला?"

"तो पलीकडच्या आजोबांचा आहे," नात म्हणाली. "ते उन्हाळ्यातसुद्धा काढत नाहीत म्हणे."

मी खिडकीचा पडदा सरकवायला उठलो होतो, तो तसाच उभा राहिलो. बावीस वर्षे रोज ज्याचा आवाज ऐकला, त्याच्या गळ्यात काय असते हे मला ठाऊक नव्हते आणि या पोरीला ठाऊक होते.

"तू पाहिलंस त्यांना?"

"व्हिडिओ कॉल केला. गेल्या महिन्यात दोनदा. नंबर तुम्हीच म्हणून दाखवला होतात ना, अजून पाठ आहे म्हणून. मी सांगणारच होते. म्हटलं, आधी फिल्म दाखवू."

"म्हणजे ते तुझ्याशी बोलतात."

"भरपूर बोलतात. थांबतच नाहीत."

"मग माझ्याशी बोलायलाच त्यांची वाचा बसली होती का?"

"मला तरी कुठे कळतंय, आजोबा? तुम्ही म्हणता, त्यांनी फोन बंद केला. ते म्हणतात, तुम्ही केला. म्हणून दोघांनाही फोनपुढे बसवून ठेवलंय. पुढे काय काढू तेच सुचत नाहीये."

"मी कसा बंद करीन? मी कधी केलाच नव्हता."

पत्नीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. "कधीच नाही?"

"अगं, नियमच तसा होता. ज्या टोकाने वीज पाठवायची, त्याच टोकाने फोन लावायचा. नाहीतर दोघेही एकदम लावणार आणि दोघांनाही एंगेज लागणार."

"तो कामावरचा नियम झाला. घरात कसला आलाय नियम?"

घरचे फोनही त्याच शिस्तीने येत गेले आणि शिस्त बदलावी असे कधी मनात आले नाही. मी नातीकडे वळलो.

"उंटाचं ते वाक्य तू लिहिलंस?"

"'आता पाठवणारे ते'? छे. त्यांचंच आहे. मी विचारलं, तुम्हीच का नाही फोन करत? तर एवढंच म्हणाले. मला वाटलं, काहीतरी खोल बोलताहेत. आमच्या सरांनासुद्धा फार आवडलं ते."

त्या गृहस्थांना मी जेवढे ओळखत होतो, त्यावरून ते खोल वगैरे बोलणारे नव्हते. मी फोन उचलून आमच्या उपकेंद्राला लावला. माझ्या जागेवरचा ऑपरेटर नेमका पाळीवर होता.

"आपली वीज हल्ली कुठून कुठे जाते?" मी विचारले.

"इकडून तिकडे, साहेब. आपल्या बाजूला नवं वीज केंद्र झालं ना, तेव्हापासून उलटी दिशा. तीन वर्षं झाली. सकाळचा फोन आता मीच करतो त्यांना."

"मला बोलला नाहीस."

"तुम्ही तब्येत विचारली होती, साहेब."

नवे केंद्र झाल्याचे मी वाचले होते. त्याने आमच्या वाहिनीची दिशा फिरली असेल, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी सगळे घरात समजावून सांगितले. टेबलावरच्या दोन पेल्यांची उपकेंद्रे केली आणि चमच्याची वाहिनी.

"म्हणजे," पत्नी पेला उचलून घेत म्हणाली, "वीज कुठून कुठे जाते यावरून तुम्ही दोघं म्हातारे तीन वर्षं रुसून बसलात."

"रुसलो नव्हतो. पाळी त्यांची होती."

"तुमची होती," नात म्हणाली.

ते खरे होते आणि तेच मला पेलवत नव्हते. तीन वर्षे मी त्यांना मनातल्या मनात बोल लावीत होतो आणि त्यांच्या हिशेबी गप्प बसलेला मी होतो. आता फोन लावला आणि त्यांनी उचललाच नाही, तर पुन्हा कोणत्या नियमाकडे बोट दाखवणार? शिवाय या माणसाशी पहिले वाक्य बोलण्याचा मला सराव नव्हता. ते नेहमी त्यांच्याकडून येत असे.

नंबर मी स्वतः दाबला. नातीने हात पुढे करून स्पीकर चालू केला.

"हॅलो." आवाज थोडा घोगरा झाला होता.

"पलीकडचे बोलतोय," मी म्हणालो.

पत्नीने फोन बंद तर पडला नाही ना, हे वाकून पाहिले.

"लाइन नादुरुस्त होती का तुमची?" तिकडून विचारणा झाली.

"नाही. दिशा फिरल्याचं मला कळलं नाही."

"बावीस वर्षं मीटर वाचलेल्या माणसाला?"

"निवृत्त माणसाला मीटर कोण दाखवतं?"

"हेही खरंच," ते म्हणाले. "मी आपला सकाळचे आकडे झाले की मोबाईल समोर ठेवून बसायचो. म्हटलं, यांची पाळी आली आणि यांनी हात वर केले."

"मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

"कंटाळा पहिल्याच वर्षी आला होता. त्याचा फोनशी काय संबंध?"

पत्नीने तोंडाला पदर लावला. मला एकदम खुर्ची ओढून बसावेसे वाटले आणि मी बसलो.

"ते असू द्या," पलीकडचे म्हणाले. "पोरीने मला चित्रं दाखवली होती. त्यात उंट मीच ना?"

"मफलर तुमचा आहे. चष्मा माझा आहे."

"मग ती डुलती चाल कुणाची?"

"चाल पेंग्विनची, आणि ती माझी आहे असं आमच्या घरातलं मत आहे."

"असं कसं? पेंग्विनचं पोट तर माझं वाटतंय. सून म्हणाली तसं."

"अहो, दोघांचं थोडं थोडं दोघांना दिलंय," नात मध्येच म्हणाली.

"बाळ, एका टोकाच्या तारा दुसऱ्या टोकाला जोडून कसं चालेल?" ते म्हणाले. मी ताबडतोब दुजोरा दिला.

नातीने कपाळाला हात लावला. "बरं, शेवटी फोन कोण करतो तेवढं सांगा. मला काढायचंय."

"पेंग्विन," मी म्हणालो.

"उंट," पलीकडचे त्याच क्षणी म्हणाले. "फोन तुम्ही केलात आणि चष्मा तुमचा म्हणता ना?"

मी पुन्हा दोन पेले मागवले. पण पलीकडच्यांना ते दिसत नव्हते, आणि मांडणी समजावता समजावता उंट कोणता पेला हे माझ्याच लक्षात राहिले नाही. नातीने लॅपटॉप मिटला आणि आम्हांला आमच्यावर सोडून ती आजीमागे आत गेली. पलीकडच्यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याचे मला मग समजले.

हे बोलणे एकूण एक तास बारा मिनिटे चालले.