फाटकात अडकलेली मोटरसायकल

मी मोटरसायकल बोलतेय. दचकू नका, मला बोलायची खोड जन्मापासूनच आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हापासून माझ्या इंजिनातले टॅपेट टकटक वाजतात. कुणीही नीट करू दे, चार दिवसांत पुन्हा सुरू.

माझे पहिले मालक लाइनमन होते. वाळवंटातून गेलेल्या विजेच्या तारा सांभाळायचं त्यांचं काम. कुठे खांब कलला, तार तुटली, की मागे दोरी नि पक्कड बांधायचे, पाण्याची बाटली घ्यायचे आणि दारातून आत डोकावून म्हणायचे, "येतो गं." की निघालेच. माझी टकटक फार झाली तर टाकीवर थाप मारायचे, "गप गं बये." पोटच्या पोरीला त्यांनी माझ्यावरच गाडी शिकवली.

पुढे पोरीचं लग्न झालं. लाइनमन निवृत्त होऊन वाळवंटापलीकडे मुलाकडे राहायला गेले आणि मी पोरीकडे आले. आले कसली, जावयाच्या तावडीत सापडले.

जावई विम्याचे एजंट. दिवसभर लोकांना काय काय होऊ शकतं ते सांगून घाबरवायचं आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः घाबरायचं, हा त्यांचा धंदा. दरवर्षी थंडी सरत आली की यांच्या अंगात वाळवंट संचारतं. "इथे अजून बोटं गारठतात. तिकडे कशी छान ऊब असेल! ऊन तापायच्या आत जाऊन येऊ." मग जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरतो आणि ताटं मांडीवर येतात. चर्चा संपेपर्यंत ऊन तापतं. "आता काय, होरपळून निघू. पुढच्या वर्षी नक्की!" बोलाचाच भात नि बोलाचीच कढी. मी आपली ताडपत्रीखाली.

यंदा मात्र पोरीच्या भावाचा फोन आला. "ताई, बाबांची नजर तर गेलीच, आता कानही चाललेत. सारखं विचारतात, गाडी चालू आहे का? एकदा तिचा आवाज ऐकायचाय म्हणतात."

ती तडक माझ्याकडे आली आणि ताडपत्री ओढून काढली. "अहो, उद्याच निघू या."

"उद्या? अगं, तयारी नको?"

तयारीला यांचे मित्र हजर झाले. या गृहस्थांनी वाळवंट कधी पाहिलं नाही, पण वाळवंटाचे व्हिडिओ एकूण एक पाहिलेत. ती त्यांना तोंडावर भावजी म्हणते आणि पाठीमागे उंटावरचा शहाणा. दोघांनी मिळून माझ्या दोन्ही कुशींना लोखंडी पेट्या ठोकल्या. त्यांत तंबू, स्टोव्ह, औषधं, इतकंच काय, रेनकोटसुद्धा.

"वाळवंटात रेनकोट?" तिने विचारलं.

"पडला तर?"

पाऊस पडायचा तेव्हा पडो, दिवस मात्र भराभर सरत होते. ऊन चढू लागलं. भावाचा पुन्हा फोन आला, "ताई, आता कानाशी ओरडावं लागतं गं." त्या दिवशी तिने माझी टाकी दोनदा पुसली. मला त्या दोघा शहाण्यांची चीड आली.

अखेर एका सकाळी मला ढकलत फाटकापाशी नेलं आणि मी तिथेच अडकले. पेट्या फाटकापेक्षा रुंद! अख्ख्या वाळवंटाचं माप काढलं या शहाण्यांनी, घरच्या फाटकाचं काढायचं राहिलं.

"त्यात काय!" मित्र म्हणाले. "एक खांब पाडून टाकू. गवंडी आहे माझ्या ओळखीचा."

"भावजी," ती म्हणाली, "अगदी उंटावरून बोललात."

"मग आठवडाभर पुढे ढकलू," जावई म्हणाले. सुटलो बुवा, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

ती घरात गेली, पाना घेऊन आली आणि खाली बसून नट सोडवायला लागली. धाडकन एक पेटी पडली, मग दुसरी.

"अगं, त्यात औषधं आहेत!"

"खिशात घाला."

"आणि तंबू?"

"वाटेत गावं आहेत. माणसं राहतात तिथे." तिने किक मारली. मी टकटकत जागी झाले. "अहो, येते मी. तुम्ही येताय का?"

येते! किती वर्षांनी कानावर पडला हा शब्द. या घरात नुसतं जाणार, जाणार चालायचं. निघणारं माणूस येतो म्हणतं, हे मी लाइनमनकडून शिकले होते. जावयांनी एकदा पेट्यांकडे पाहिलं, एकदा मित्राकडे, आणि मुकाट्याने मागे बसले.

वाळवंटात ऊब होती, वारा होता, रस्ता सरळ होता. जावयांना काहीसुद्धा झालं नाही. मला वाटतं, त्यांना जरा वाईटच वाटलं.

लाइनमन अंगणात खुर्चीवर बसले होते. मुलगा कानाशी ओरडला, "बाबा, ताई आली!" त्यांना कळलं नाही. तिने मला थेट खुर्चीला टेकवलं, त्यांचा हात उचलून माझ्या टाकीवर ठेवला आणि रेस केली. त्यांचा चेहरा हलला नाही. जन्मभर मी सगळ्यांना हसले, पण तेव्हा मात्र भ्याले. उशीर झाला असला तर? होते नव्हते ते सगळे टॅपेट मी वाजवले.

हात टाकीवरून वर उचलला गेला आणि थाप बसली.

"गप गं बये!"

मी मुळीच गप्प बसले नाही.