पाच डब्यांची परीक्षा

लिओनेलने अट घातली ती हसत हसत, पण ती थट्टा नव्हती, हे शुभदाच्या लगेच लक्षात आलं.

२०११चा ऑगस्ट संपत आला होता. कॅनडातल्या ओकव्हिलला लिओनेलच्या घरामागच्या डेकवर तो, शुभदा आणि तिचा नवरा विलास चहा घेत बसले होते. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी त्यांच्या नेमबाजी क्लबची जोड्यांची मॅच असे. रायफल दुकानातून आणलेली, आहे तशी वापरायची. काडतुसं मात्र हवी तर घरी भरलेली चालत. लिओनेल आणि विलास दोन वर्षं जोडीने उतरले होते आणि दोन्ही वर्षं शेवटून दुसरे आले होते. लिओनेलचे गुण बरे असत, विलासचे नसत.

"वॉनच्या एका माणसाने मला जोडीला विचारलंय," लिओनेल म्हणाला. "मी अजून हो म्हटलं नाही. विलासराव, तू मला शंभर मीटरवर पाच ग्रुप दाखव. प्रत्येकात पाच गोळ्या, आणि सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर इंचाच्या आत. दाखवलेस की फॉर्मवर तुझं नाव. नाही तर, बाबा, राग मानू नकोस. वसईत असल्यापासून मी कशातच पहिल्या दहांत आलो नाही. एकदा येऊन बघायचंय."

"पाच कशाला, दहा दाखवतो!" विलास म्हणाला. मिसिसागाला घरी पोचल्यावर मात्र तो आधी फ्रिजपाशी गेला.

त्याची सगळी भिस्त फ्रिजवर चिकटवलेल्या एका कागदावर होती. मे महिन्यात एका सकाळी त्याने तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही जणू एकाच भोकातून गेल्या. त्या दिवशीची बारुदाची पावडर, तिचं वजन, गोळी काडतुसाच्या पितळी केसमध्ये किती खोल बसवली ते माप, या सगळ्याला तो तेव्हापासून "माझं लोड" म्हणू लागला. त्याच मापाची दोनशे काडतुसं त्याने भरून ठेवली. पुढे त्याच काडतुसांनी दीड-दीड इंचाचे ग्रुप आले, तर दोष कधी वाऱ्याचा असे, कधी शेजारच्या बाकावरच्या माणसाचा.

शुभदा बावीस वर्षं एका औषधांच्या लॅबमध्ये तपासणीचं काम करत होती. काडतुसांत ती पडली ती अपघातानेच. एकदा कपडे धुवायला बेसमेंटमध्ये गेली, तर विलासचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या हवेच्या झरोक्याखाली ठेवलेला आणि त्यावरचा आकडा पाळण्यासारखा झुलतोय. तिने झरोक्यावर पुठ्ठा लावला, काटा आतल्या कोपऱ्यात हलवला आणि वापरायच्या आधी अर्धा तास चालू ठेवायची शिस्त लावली. हिवाळ्यात कोरड्या हवेने पावडरीचे दाणे प्लॅस्टिकच्या नरसाळ्याला चिकटत, तेव्हा ते कपडे वाळवताना टाकायच्या ड्रायर शीटने पुसायचं हेही तिनेच शोधलं. तेव्हापासून वजन तिच्याकडे आणि गोळी दाबून बसवणाऱ्या प्रेसचा दांडा विलासकडे, अशी वाटणी झाली. मुलगी चैत्राली वॉटर्लूला शिकायला गेल्यापासून रविवारची दुपार दोघांची तिथेच जाई, आणि शुभदाला ती आवडे.

त्या रविवारी तिने विषय काढला.

"विलास, तीन गोळ्यांवरून काही सिद्ध होत नाही."

"कागद समोर आहे ना! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"तीनदा नाणं उडवलं आणि तिन्ही वेळा छापा पडला, तर नाणं खोटं म्हणशील?"

"नाण्याला काय कळतंय? माझ्या रायफलला कळतं."

"मग तिलाच विचारू. मी पाच डब्या भरते. कुठल्या डबीत काय आहे, ते तुला सांगणार नाही. तू नुसतं झाडायचं."

"म्हणजे मी पेशंट?"

"हो. आणि कागद मापणाऱ्यालाही काही माहीत नसलं पाहिजे. ते लिओनेल करेल."

विलासने जरा आढेवेढे घेतले, पण पाच ग्रुप दाखवायचे तर काहीतरी करायला हवं, हे त्यालाही कळत होतं.

शुभदाने प्रत्येक डबीत दहा काडतुसं भरली आणि झाकणांवर ए ते ई अशी अक्षरं लिहिली. सगळी मापं मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याच्या चांगलीच खाली होती. त्या बाबतीत ती प्रयोग करत नसे. एका डबीत विलासचं लाडकं लोड होतं. आणि एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही: बी आणि डी या डब्यांत अगदी एकच माल होता. लॅबमध्ये हे नेहमीचं. एकच नमुना दोन नावांनी पाठवायचा आणि दोन्ही वेळा तेच उत्तर येतं का ते बघायचं. नवऱ्यासाठी असला सापळा लावताना तिला जरा अपराध्यासारखं वाटलं. तरी तिने तो लावला.

शनिवारी सकाळी रेंजवर हवा स्वच्छ होती, वारा दाखवणारे झेंडे खाली लोंबत होते. कुठली डबी कधी, ते शुभदाने चिठ्ठ्या टाकून ठरवलं. पाच गोळ्या झाल्या की नळी थंड होऊ द्यायची, मग पुढची डबी. कानावर मफ चढवून ती वहीत नोंदी करत बसली.

पेशंटने बोलायचं नसतं, हे विलासला मंजूर नव्हतं. बी डबीच्या पाच गोळ्या झाल्यावर त्याने मफ काढून खांदा चोळला.

"ही फेकून दे. नुसती लाथ मारते. हिचा काही भरवसा नाही."

सी डबीनंतर तो म्हणाला, "मिळमिळीत. आजाऱ्याच्या पथ्याचं जेवण."

डी डबीनंतर मात्र त्याचा चेहरा खुलला. "अहाहा! लोणी! शुभदा, हेच माझं लोड. लाव पैज!"

शुभदाने पैज लावली नाही. तिने फक्त "लोणी" असं लिहून घेतलं.

दहा कागद झाले, तेव्हा लिओनेल मागच्या टेबलाशी अंतर मापायचा कॅलिपर घेऊन बसला. कागदांच्या पाठीवर शुभदाने केलेली खूण न बघता त्याने प्रत्येकावर आकडा लिहिला. मग कागद उलटून डबीवार लावले.

"हे बघ गंमत," तो म्हणाला. "बी आणि डी, चारही कागद सारखेच. सगळे इंचाच्या नऊ दशांशाच्या आसपास. आणि तू तर एकीला लाथा म्हणालास आणि एकीला लोणी."

"त्या दोन्ही एकच आहेत," शुभदा म्हणाली.

"एकच म्हणजे?"

"एकच पावडर, एकच गोळी, एकच माप. मी मुद्दामच दोन नावं दिली होती."

लिओनेल इतका हसला की शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघू लागली. "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ऐकलं होतं. विलासराव, तू एकाच पोराला दोन्ही म्हणालास!"

विलास हसला नाही. "आणि माझं कुठलं?"

"ई," शुभदा म्हणाली.

ईचे दोन कागद लिओनेलने त्याच्यापुढे सरकवले. एकावर एक पूर्णांक तीन दशांश इंच, दुसऱ्यावर एक पूर्णांक चार दशांश. विलासने ते हातात घेऊन पाहिले. मग उठला आणि बाकाभोवती पडलेले रिकामे पितळी केस वेचू लागला. शुभदाला वाटलं, झालं, आता हा प्रेस काढून विकणार आणि रविवारी टीव्हीसमोर बसणार. खरं सांगायची आपली सवय कुठेतरी आवरायला हवी होती, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पिशवी भरून तो परत आला.

"सगळ्यात लहान कुठली आली?"

"सी. दोन्ही कागद पाऊण इंचाच्या आत."

"पथ्याचं जेवण," विलास म्हणाला, आणि आता त्याच्या मिशीत हसू होतं. "काय आहे तिच्यात?"

शुभदाने वही उघडली.

"नको, थांब! सांगू नकोस." त्याने वहीवर हात ठेवला. "माझं लोड म्हटलं, की मी श्वास धरून शुभमुहूर्ताची वाट बघत बसतो. सीला मी तसलं काही केलं नाही. नुसता घोडा दाबत गेलो. तू मला तीस भरून दे, आणि बोलू नकोस."

"मॅच होईपर्यंत?"

"मॅच होईपर्यंत."

पुढच्या शनिवारी शुभदा ती तीस काडतुसं घेऊन गेली, पाच नुसती हात बसवायला आणि पंचवीस लिओनेलच्या अटीची. पहिले चार ग्रुप कुरबुर न करता इंचाच्या आत आले. पाचव्याच्या चार गोळ्या एका नखाएवढ्या जागेत बसल्या आणि शेवटची उजवीकडे निसटली. शुभदाने दुर्बिणीतून ती पाहिली. विलासनेही पाहिली.

"वारा होता," लिओनेल कागद घेऊन येताना म्हणाला. "तो एक सोडून देऊ या."

"वारा नव्हता," विलास म्हणाला. "माझाच खांदा हलला. पाचही धरून माप."

लिओनेलने कॅलिपर लावला. काढला, पुसला, परत लावला. शुभदाने स्वतःचे दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले होते.

"शहाण्णव शतांश."

"म्हणजे?" विलासला हिशेब कळत होता, पण त्याला तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता.

"म्हणजे केसभर आत. पण आत!" लिओनेलने त्याच्या पाठीत एक जोरदार थाप मारली, गाडीतून फॉर्म आणला आणि बॉनेटवर ठेवून दोघांची नावं लिहिली. वॉनच्या माणसाला तिथूनच फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग पेन थांबलं.

"काडतुसांची माहिती मागतायत. काय लोड?"

"तिला विचार," विलास रायफल पुसत म्हणाला.

"शुभदाताई?"

शुभदाने फॉर्म आपल्याकडे ओढला आणि डाव्या हाताचा आडोसा करून ती लिहू लागली. लिओनेलने मान वाकडी केली.

"तूही नाही, लिओनेल," ती म्हणाली. "तुझ्या पोटात काही राहत नाही."