ओलं सारवण

"डाव्या अंगानं घ्या जी, मनकर्णाबाईचा कोठा आला!"

डोंग्याच्या टोकाशी बसलेली रामबाई मागं न वळताच ओरडली. मागं वल्ह्यावर तिचा नवरा, कवडू. त्यानं वल्हं पाण्यात तिरपं धरलं आणि डोंगा मुकाट डावीकडे सरकला.

गुरांचा कोठा कुठंच नव्हता. चारी बाजूंनी धरणाचं पाणी होतं, आणि त्यावर माघातलं कोवळं ऊन. यंदाच टेंभरीत नांदायला आलेली रोशनी मांडीवरचं वांग्यांचं टोपलं सावरत पाण्यात डोकावली.

"आजी, कोठा कुठी हाय?"

"खाली. म्हैस अजून बांधलेली हाय तथी. दुपारच्याले कान देऊन आयकजो, रेकते. तो पांढरा फेस दिसून राह्यला ना, तो दूधच होये. मनकर्णाबाई पयलेपासूनच दुधात पानी घाले, आता तं काई धरबंदच नाई राह्यला."

डोंग्यातल्या बाया खो-खो हसल्या. सरिता म्हणाली, "आयकू नको वं हिचं. मले सांगे का टेंभरीची शेवटची एसटी बुडाली मून."

"बुडाली कोन म्हनते? थांबली हाय. कंडक्टरले सुट्टे नाई भेटून राह्यले."

रामबाईचं असंच होतं. खरं सांगायचं म्हटलं की तिची जीभ जड व्हायची, आणि थाप मारायची म्हटली की खारीसारखी पळायची. पण कोठ्याचं तिनं खरं सांगितलं होतं. पाण्याखाली जुनी टेंभरी होती. धरण भरलं तेव्हा लोकांना वर माळावर घरं मिळाली. त्या वस्तीला सगळे पुनर्वसनच म्हणतात. जुन्या गावाच्या पलीकडच्या काठावर रोहण्याची, आर्वीची सडक. वळसा घालून गेलं तर निम्मा दिवस जातो, म्हणून भाजीवाल्या बाया कवडूच्या डोंग्यातून जायच्या.

धोका भरल्या पाण्यात नसतो. पोळ्याच्या सुमारास धरण तुडुंब असतं, गाव खोल निजलेलं असतं, वरून कोणीही खुशाल जावं. शिमगा जवळ येतो, पाणी उतरायला लागतं, तसं गाव उठायला लागतं. बाभळींची खुंटं, विहिरीचे काठ, कुंपणाच्या तारा, सगळं पाण्याच्या हातभर खाली येऊन दबा धरून बसतं. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. डोंगा एकदा का त्यावर चढला की कलंडलाच. मासे धरणाऱ्या पोरांनी खुणेला प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधल्या होत्या, पण वारा सुटला की त्या बाटल्याच फिरायला निघायच्या. कवडूची वाट साधी होती. गावात जिथून बैलगाडी जायची, तिथूनच तो डोंगा न्यायचा. बैलगाडीच्या वाटेत झाड नसतं आणि विहीरही नसते. देवळाला उजवी घालायची, लक्ष्मणरावाच्या घराला डावी, आणि मग स्वतःच्या अंगणाच्या कडेनं, निंबाच्या खुंटाला चुकवून, पांदणीला लागायचं.

त्या दिवशी निंबाचं खुंट चुकवून पुढं आल्यावर डोंगा एकदम थांबला.

रामबाईनं वळून पाहिलं. कवडूनं वल्हं आत घेतलं होतं, नीट आडवं ठेवलं होतं. तो उभा राहिला. उंच माणूस. त्यानं मान खाली घातली, पाठ वाकवली, आणि एक पाय डोंग्याच्या काठावर ठेवला.

ते वाकणं रामबाई ओळखत होती. जुन्या घराचं दार ठेंगणं होतं. लग्नानंतर पहिल्याच दिवशी कवडूनं तिच्याकडे बघण्याच्या नादात चौकटीवर असं कपाळ आपटलं होतं की, रामबाई सांगायची, सागाची चौकट तडकली आणि वऱ्हाडी पुन्हा जेवायला बसले. त्यानंतर जन्मभर तो वाकूनच घरात शिरला.

"कुठी चालले?" तिनं विचारलं.

"घर आलं ना वं, रामे."

डोंगा डुलला. रोशनीनं टोपलं घट्ट धरलं. रामबाईच्या तोंडातून विचार करायच्या आत शब्द निघाले, "कुलूप हाय. किल्ली मनकर्णाबाईपाशी, अन् मनकर्णाबाई गेली आर्वीच्या बजारात. ते आल्यावर येऊ."

कवडूनं थोडा वेळ विचार केला. "इले काई काम नाई, नुसती हिंडते," तो म्हणाला, आणि खाली बसून त्यानं वल्हं उचललं.

बाया पुन्हा हसल्या. म्हातारा-म्हातारीची गंमत चालली आहे असं त्यांना वाटलं. रामबाई पांदण लागेपर्यंत त्याच्याकडेच तोंड करून बसली.

पलीकडच्या काठावर उतरताना मात्र सरिता तिच्या कानाशी लागली. "मावशी, कवडूबुवाचं काई तरी बिघडलं हाय."

"मले सांगतं?" रामबाई म्हणाली.

बिघाड घरी सगळ्यांना ठाऊक होता. पुनर्वसनातली घरं एका साच्यातून काढल्यासारखी. कवडू फिरायला जायचा आणि कोणाच्याही घरात शिरायचा. परवा लक्ष्मणरावाकडे जाऊन पाटावर बसला, आणि त्यांच्या बायकोनंही काही न बोलता ताट वाढलं. घरात असला की भिंतीकडे तोंड करून बसायचा. सुनेला, स्वीटीला, तो नर्स समजायचा. आणि रामबाईला म्हणायचा, "बाई, पानी देता का?" बाई. देता का. इतक्या अदबीनं तो जन्मात कधी बोलला नव्हता. रामबाई पाण्याचा गिलास द्यायची आणि चुलीकडे जाऊन उगाच लाकडं पुढं-मागं करायची.

पण डोंग्यात पाय ठेवला, पाय ओला झाला, की त्याचं डोकं ताळ्यावर यायचं. मग मनकर्णाबाईचा कोठा, देवळाचा कळस, लक्ष्मणरावाची विहीर सगळं त्याला ठाऊक असायचं. आणि ती रामी असायची.

संध्याकाळी मुलगा, अमर, भाकरीवरून उठला तो बोलायचं ठरवूनच.

"सरिताकाकीनं सांगतलं मले. माय, उद्यापासून डोंगा मी नेतो. बाबा घरी राह्यतीन."

"घरी काय करतीन?"

"बसतीन. पान्यात तं नाई ना जातीन! त्यायले वाटते खाली घर हाय. एखाद रोज उतरतीन सरळ, अन् तू काय करशीन? थाप मारशीन?"

"आज तेच केलं," रामबाई म्हणाली.

"अन् रोज कोन्ती मारशीन?"

स्वीटी मधे पडली. "आत्याबाई, ते बरोबर सांगून राह्यले. मामाजीचा जीव हाय."

रामबाईनं ताटातली भाकरी मोडली. मग म्हणाली, "अथी घरी मी कोनी नाई रे त्यायची. पानी देनारी बाई होय. तथी डोंग्यात ते मले नावानं बोलावते."

अमर हात धुवायला गेला तो बाहेरच उभा राहिला.

शेवटी असं ठरलं की बाया अमरबरोबर जातील, आणि सकाळी, वारा सुटायच्या आत, म्हातारा-म्हातारी रिकाम्या डोंग्यातून एक फेरी मारतील. अमरनं दोर आणला. एक टोक बापाच्या कमरेला बांधलं.

"बैल होय का मी?" कवडू चिडला.

दुसरं टोक रामबाईनं स्वतःच्या कमरेला बांधलं. "बैल नाई जी, नवरदेव. पाहा, गाठ मारली."

त्या गाठीनं तो हसला. काठावर उभा असलेला अमर दुसरीकडे बघायला लागला.

मग रोज तेच. निंबाचं खुंट चुकवून डोंगा थांबायचा, कवडू वल्हं आत घ्यायचा, उभा राहायचा, मान खाली घालायचा. आणि रामबाई थाप मारायची. जन्मभर तिनं लोकांना हसवायला थापा मारल्या होत्या. आता घाम फुटायचा. कधी घरात साप निघाला आहे, साप धरणाऱ्याला बोलावणं गेलं आहे. कधी ओट्यावर कुत्री व्याली आहे, अंगावर येईल. एकदा तर ती म्हणाली की आत सोयरीक पाहायला पाहुणे आले आहेत आणि तुमच्या धोतराला भोक आहे. कवडूनं धोतर फिरवून फिरवून पाहिलं आणि लाजून खाली बसला.

पण थापा अशा की एक दिवस चालतात. दुसऱ्या दिवशी तो म्हणायचा, "पाहुने गेले असतीन आता."

मग एका सकाळी तिला हवी ती थाप सापडली.

"थांबा जी! आताच सारवलं हाय. ओलं हाय. पाय उमटतीन."

कवडूचा उचललेला पाय हवेतच राहिला. त्याच्या आईनं, रामबाईच्या खाष्ट सासूनं, ओल्या सारवणावर पाय देणाऱ्याला आयुष्यात माफ केलं नव्हतं. शेणानं सारवलेल्या भुईवर पाऊल टाकायचं नाही, बाहेर थांबायचं. हे त्याच्या डोक्यात नव्हतं, पायात होतं. तो हळूच खाली बसला. मग काठावरून वाकून त्यानं तळहात पाण्यावर टेकवला, भुईवर टेकवावा तसा. हात उचलून पाहिला.

"ओलंच हाय वं," तो म्हणाला.

"सांगतलं ना."

"बसू मंग. सुकू दे."

ते दोघं बसून राहिले. रामबाईनं फडक्यातला मुरमुरा काढला. कवडू घरच्या अंगणात बसल्यासारखा सैल बसला होता. मनकर्णाबाईनं म्हशीचं नाव काय ठेवलं होतं यावरून दोघांचं भांडण झालं, आणि ते कवडूनं जिंकलं.

ही थाप टिकली. पाणी रोज थोडं उतरत होतं, देवळाच्या कळसाचं टोक उघडं पडलं होतं आणि त्यावर एक बगळा येऊन बसायचा. निंबाचं खुंट आता इतकं वर आलं होतं की सकाळच्या उन्हात त्याची काळी सावली दिसायची. रोज कवडू पाण्याला हात लावून पाहायचा. रोज ओलंच असायचं.

एकदा त्यानं विचारलं, "किती दिवस ओलं राह्यते वं, रामे?"

"ढगाळ हाय ना," ती म्हणाली. आभाळ कोरडं ठणठणीत होतं.

शिमग्याच्या आदल्या सकाळी ते निघाले तेव्हा कवडू गप्प होता. कोठ्यापाशी त्यानं डावी घेतली नाही. रामबाईनं ओरडून सांगितल्यावर घेतली. देवळाशीही तेच. रामबाईला वाटलं, झोप झाली नसेल. निंब जवळ आला तशी ती दोरावर हात ठेवून, तोंडात थाप तयार ठेवून वळून बसली. आता वल्हं आत घेईल. आता उभा राहील. आता मान खाली जाईल.

मान खाली गेली नाही. कवडू वल्हं मारत होता, नजर सरळ समोर, परक्या गावावरून जाताना माणूस बघतो तशी. डोंगा सरळ खुंटावर गेला.

कर्रकन आवाज झाला. डोंगा एका अंगाला उचलला गेला, पाणी आत आलं. रामबाई चटकन दुसऱ्या अंगाला सरकली, तिचं सगळं वजन तिनं तिकडे टाकलं, आणि दोन-तीन हिसक्यांत डोंगा सुटून पुढं मोकळ्या पाण्यात गेला. कवडू काठ धरून बसला होता. घाबरला होता. त्यानं भोवती पाहिलं, पाणी पाहिलं, मग कमरेचा दोर पाहिला, दोरावरून नजर नेत नेत तिच्यापर्यंत आला.

"बाई," तो म्हणाला, "कोन्या गावच्या तुमी?"

रामबाईनं वल्हं त्याच्या हातातून घेतलं. त्यानं दिलंही, लगेच. ती मागं आली, त्याला पुढं, बाया बसतात तिथं बसवलं. त्याच्या ओल्या पायांवरून तिनं पदर फिरवला.

"मी अथचीच, टेंभरीची," ती म्हणाली.

"हे कोन्तं पानी होय?"

"धरन होय जी."

"लय मोठं हाय." तो पाहुण्यासारखा इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काई सांगा ना, बाई. नुसतं काय बसावं?"

रामबाईनं तोंड उघडलं. म्हैस नाही, एसटी नाही, साप नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला थाप सुचेना.

"अथी एक घर होतं," ती म्हणाली. "आपल्या डोंग्याच्या बराबर खाली. दारात निंब होता. एक उंच मानूस राहे तथी, अन् त्याची बायको राहे. लय बडबडी. तो वावरातून येई तं पयले तिचा आवाज आयके, मंग घरात येई."

कवडू ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. जुनं, खोडकर हसू. तिच्या थापा पकडताना तो असाच हसायचा.

"पान्याच्या खाली घर?" तो म्हणाला. "बाई, लय फेकता तुमी."

"हौ," रामबाई म्हणाली. "सवय हाय."

तिनं डोंगा वळवला. परतीची वाट त्याच अंगणाच्या कडेनं होती. खुंट यायच्या आधी, जिथं दार असायचं तिथं येताच तिनं वल्हं थांबवलं, आणि मान खाली घालून पाठ वाकवली. ती ठेंगणी बाई. त्या दारातून तिला कधीच वाकावं लागलं नव्हतं.

"काऊन वाकल्या?" कवडूनं विचारलं.

"दार ठेंगनं हाय जी. डोस्क्याले लागते."

कवडूनं वर पाहिलं. वर आभाळ होतं. पण घर दुसऱ्याचं, आणि घरची बाई सांगते आहे, म्हणून त्यानंही अदबीनं मान खाली घातली.