सुरंगीचं फूल आणि सोन्याचा घोटा

मी एक जुना घोटा आहे. हसू नका मित्रांनो, पायाचा नव्हे! कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवला की तो आधी मळकट दिसतो. त्यावर माझ्यासारखा गुळगुळीत दगड घासला की तो आरशासारखा चमकतो. मी खंबायतचा अकीक. कारागिरानं मला घासून कुत्र्याच्या सुळ्याचा आकार दिला आणि लाकडी मुठीत बसवलं. मुंबईत झहूरच्या उस्तादांनी मला त्याच्या हाती दिलं आणि १९५२ साली त्याच्याबरोबर बोटीनं मी कुवेतला आलो.

झहूर रत्नागिरीकडचा. कुवेतमधल्या अहमदी गावात तो तेल कंपनीचे नकाशे काढी आणि संध्याकाळी साहेबलोकांसाठी त्यांच्या घराण्यांच्या ढाली रंगवी. निळ्या ढालीवर उभा सिंह, वर शिरस्त्राण, खाली फितीवर बोधवाक्य. कुठल्या सिंहाची जीभ तांबडी आणि कुठल्याची निळी, हे तो पुस्तकं वाचून शिकला. सिंहाची आयाळ मी घोटायचो. क्लबात ढाल लागली की सगळे झहूरचं कौतुक करीत. निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रंही तोच सजवी. पुढं त्यानं नोकरी सोडून कुवेत शहरातल्या शर्क भागात मासळीबाजाराजवळ छोटं दुकान काढलं. कुवेत स्वतंत्र झाल्यावर साहेब कमी झाले, पण दुकानांच्या पाट्या आणि कुराणाच्या पानांवरची नक्षी यांत आम्हाला उसंत नव्हती. त्या वर्षांत त्याला वाटू लागलं की आपला हात लागला म्हणजे कुठलीही वस्तू सुधारतेच. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

त्रेसष्ट साली त्याची बायको बानू एक हस्तलिखित यासीन, कुराणातल्या त्या सूरेचं लहानसं पुस्तक, घेऊन आली. बनेद अल-गार मोहल्ल्यात त्यांच्या शेजारी फातिमाआपा राहत. एका कुवेती घरात त्या मुलं सांभाळत. त्यांचा नवरा अशरफ गलबतावर खलाशी होता, तापानं समुद्रातच वारला. पुस्तक त्याचं. खाऱ्या पाण्यानं पहिलं पान डागाळलं होतं.

"आपा म्हणते, डाग तेवढा जमला तर काढा," बानू म्हणाली.

पानाच्या माथ्यावर एक रिकामं वर्तुळ होतं आणि त्यात कुणीतरी तांबड्या कावेनं फूल काढलं होतं. चार पाकळ्या, एक भलतीच मोठी. मधे हळदीचा ठिपका.

"हे पोराटोराचं काम दिसतंय," झहूर पुटपुटला.

"आपाला विचारलंत काय?" बानूनं टोकलं.

"विचारायचं काय त्यात? बघशील, खूश होईल."

त्यानं डाग धुतला, फूल खरवडलं, खडू-डिंकाचा लेप दिला, वर्ख चढवला. मग मला उचललं. मी घोटत गेलो. पान असं झळकलं की झहूर स्वतःच बघत राहिला.

फातिमाआपा दुकानात आल्या. पान बघून म्हणाल्या, "बरा झाला हो, झहूरभाय. लय सुरेख." मग वर्तुळावर बोट टेकून त्या थांबल्या. "हय फूल होता ना?"

"ते मी खरवडलं, आपा," झहूर म्हणाला.

"सुरंगीचा होता. मी त्याचे वळेसर केसांत माळायची, म्हणून लग्नाच्या साली माज्या घोवानं काढलेला. त्याच्या हातचा तेवढाच होता माज्याकडं." त्या रागावल्या नाहीत. पदरानं डोळे टिपून म्हणाल्या, "तुमाला काय ठाव? मीच सांगायला हवा होता."

आपांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं झहूर नंतर बानूला म्हणाला. पुस्तक त्यानं ठेवून घेतलं. त्या आठवड्यात त्याला जेवण गोड लागलं नाही. वर्तुळातलं सोनं त्यानं खरवडून काढलं, पण खाली कोरा, सोललेला कागद निघाला. त्यावर पातळ कागद चिकटवून त्यानं तो कोरा ठेवला. आधी दुसऱ्या कागदांवर तो आठवून आठवून सुरंगी काढू लागला. प्रत्येक फूल देखणं उतरायचं. वाकडी पाकळी मुद्दाम काढली तरी ती त्याचीच वाटायची.

शेवटी तो पुस्तक घेऊन फातिमाआपांच्या दारी गेला. "आपा, मी तुमचा गुन्हेगार आहे. गेलेलं मला आणता येत नाही. तुम्ही काढाल?"

"मी? मी कधी कुंचला धरला नाय."

"त्यानं तरी कुठं धरला होता?"

आपा हसल्या, मग बसल्या. झहूरनं दिलेला कुंचला त्यांनी हातात घेतला. एक पाकळी लांबली, एक वर्तुळाबाहेर गेली. कितीतरी वेळ बघून त्या म्हणाल्या, "असा नव्हता तो. पन ऱ्हाऊ दे. आता हा माजा हाय."

सवयीनं झहूरनं वर्ख आणि मला पिशवीतून काढलं. आपांनी त्याचा हात धरला. "याला सोना नको, भाय."

त्यानं मला परत पिशवीत ठेवलं.

त्यानंतर सहा-सात वर्षं झहूरनं पुष्कळ पानं सजवली. जुनं पुस्तक कुणी आणलं की कुंचल्याला हात लावण्याआधी तो विचारी, "यातलं काय तसंच ठेवू?" लोकांना नवल वाटे. झहूरची मान मात्र हा प्रश्न विचारताना नेहमी खाली असे.

मित्रांनो, मी आता झिजलोय. मला जपा असं मी म्हणणार नाही, दगड कुठंही पडून राहतो. पण तुमच्या घरात कुणाचं वेडंवाकडं टाक्यांचं दुपटं असेल, पोचा आलेला पेला असेल, तर ते उजळायला घेण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. मी जे घासून चमकवलं ते सगळं लोक विसरले. जे घासून पुसलं, ते एक फूल मला रोज दिसतं.