जात्याचा ताप

केरबाची बायको बनुबाई गेली त्या सकाळी त्याच्या अंगणात माणसं जमली होती ती तांब्याचा पत्रा बघायला. ती गेल्याचं त्यांना तिथंच कळलं.

आधीचे दोन दिवस अशीच गर्दी होती. मंत्रानं ताप उतरवणारा भस्मेबाबा तांब्याचा चकचकीत पत्रा हिवतापानं फणफणलेल्या बनुबाईच्या कपाळाला लावायचा, मग निखाऱ्यावर धरायचा. पत्रा काळा ठिक्कर पडायचा.

"उतरला ताप पत्र्यावर," बाबा म्हणायचा. तीर्थात बुडवून पुसला की पत्रा परत तांबडा. "गेला ताप गंगेला. आता त्या गोळ्या बंद. कडू औषधावर माझा मंत्र रुसतो."

वडूजच्या डॉक्टरनं दिलेल्या क्विनाइनच्या गोळ्या केरबानं कोनाड्यात ठेवल्या.

बनुबाई पडल्या पडल्या म्हणाली होती, "आवं, तांबं इस्तवावर काळं पडतंयच की. मी रोज हंडा चिंचंनं घासती, तुमी कवा बघितलंय?"

"गप पड. बाबा ऐकंल."

तिनं भिंतीकडं कूस बदलली.

सुतकात केरबानं जन्मात पहिल्यांदा हंडा घासला. चिंचेच्या कोळानं काळं निघालं, तांबडं दिसायला लागलं आणि बाबाचा पत्रा कसा उजळायचा ते त्याला कळलं.

तेराव्यानंतर बाबा नाथाजीच्या दारात आला. नाथाजीची लेक तापली होती. केरबा जात्याचा वरचा दगड खांद्यावर घेऊन गर्दीत शिरला.

"बाबा, आदी ह्या जात्याचा ताप उतरवा."

"येडा झालास व्हय रं?" नाथाजी म्हणाला.

केरबानं पत्रा उचलून दगडाला लावला आणि निखाऱ्यावर धरला. पत्रा काळा पडला.

"जात्याला बी हिवताप आलाय, गड्यांनो."

कुणी तरी हसलं. केरबानं तीर्थात बोट बुडवून चाखलं. "चिंच हाय. माझ्या घरात बी व्हती."

शाळेचे गुरुजी पुढं झाले. "तांबं तापलं की हवेतला प्राणवायू धरतं. हा काळा थर त्याचाच. आंबटात तो विरघळतो. यात ताप कुठंच नाही."

बाबा बोचकं आवरायला लागला. नाथाजीनं लेकीला उचललं आणि वडूजसाठी गाडी जुंपली.

असला चमत्कार कुणी दाखवला तर आधी दगडावर करून बघा. औषध तोडू नका. आणि घरात भांडी घासणारी काही सांगत असेल तर तिला गप बसवू नका.

गोळ्या अजून कोनाड्यातच आहेत. तुझं खरं होतं, एवढं बनुबाईला सांगायचं केरबाचं राहून गेलं.