संक्रांतीला जायचं राहून गेलं

मित्रांनो, मी एक जुना कातडीचा तुकडा आहे. नाक मुरडू नका. बंगळूरच्या एका वैद्यकीय कॉलेजच्या संग्रहालयात, वरून तिसऱ्या फळीवर, औषधाच्या पाण्यानं भरलेल्या बरणीत मी गेली चार वर्षं पडून आहे. तुमच्या करंगळीच्या नखाएवढा असेन. पण एवढ्याशा जिवानं एका बाईची दहा वर्षं नासवली.

माझा जन्म आईच्या पोटात झाला, तसा तुमचाही झाला. तिथं बाळाचा हात सुरुवातीला उलथन्यासारखा चपटा असतो. बोटं असतात, पण सगळी एकाच कातडीत. मग एक वेळ येते आणि बोटांच्या मधल्या पेशी आपणहून मरतात. त्यांना कोणी मारत नाही, रोगही होत नाही. त्यांच्या आतच निरोप लिहिलेला असतो आणि त्या गुपचूप निघून जातात. म्हणून तुमची बोटं मोकळी आहेत. बेडकाच्या पिल्लाची शेपूट अशीच जाते. जन्मल्यानंतरही तुमच्या शरीरात रोज अगणित पेशी अशा जातात, म्हणून तर तुम्ही धडधाकट आहात.

माझी जागा डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मध्ये होती. जायची वेळ ठरली होती १९५५ सालची संक्रांत. बाहेर बंगळूरच्या बसवनगुडीत घरोघर तीळ-खोबरं वाटलं जात होतं. त्या हाताच्या बाकी तिन्ही फटींतली माझी भावंडं वेळेवर गेली. मी राहिलो. का राहिलो, ते मला आजही माहीत नाही.

माझी आई, म्हणजे त्या बाळाची आई, राजलक्ष्मी. पिढ्यानपिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी शिंप्यांच्या घरातली सून. नवरा व्यंकोजी मशीन चालवायचा आणि ती काजं करायची. तिचं काज असं की सदरा फाटावा, पण काज उसवू नये. गिऱ्हाईक दुकानात येऊन विचारायचं, "काजं अक्काच करणार ना?"

त्या जूनमध्ये अमावास्येला सकाळी सूर्यग्रहण लागलं. राजलक्ष्मीला सातवा सरून आठवा लागला होता. ग्रहणात गरोदर बाईनं चिरायचं नाही, शिवायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण शाळा उघडलेल्या, गणवेशांची घाई, आणि व्यंकोजीनंच सदरा तिच्या पुढ्यात टाकला. "स्वल्पच उरलंय गं. चार काजं. घरात बसून कोण बघतंय?" तिनं चार काजं केली.

ऑगस्टमध्ये वसुमती जन्मली. सुईणीनं हात उलगडला आणि मी दिसलो. सासूबाई, सकवारबाई, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ग्रहणात सुई धरलीस बाई! लेकराची बोटं शिवून ठेवलीस!"

व्यंकोजी तिथंच उभा होता. सदरा कोणी दिला, ते तो बोलला नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसला तो बसलाच. मला त्याचा फार राग येतो, पण मी कोणत्या तोंडानं रागावू?

त्या दिवसापासून राजलक्ष्मीनं सुई सोडली. दुकानाची काजं बाहेर जाऊ लागली, गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. वसूच्या परकराची शिवण उसवली तरी ती शेजारच्या ठकुबाईकडे न्यायची. वसू झोपली की माझ्यावर तेल चोळायची आणि हळूच म्हणायची, "माझं चुकलं गं." ती हे तिला म्हणायची, पण ऐकायचो मी. मित्रांनो, तेव्हा मला मरायची फार इच्छा व्हायची. पण ज्याची वेळ टळली, त्याला ते जमत नाही.

वसू दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेतल्या बाईंनी आग्रह करून तिला इस्पितळात पाठवलं. तिथले डॉक्टर त्रिविक्रम मोठे हुशार, घरी मराठी बोलणारे. त्यांनी माझी जाडी पाहिली, मग कागद घेऊन राजलक्ष्मीला प्रश्न विचारले. तिनं स्वतःच ग्रहणाचं सांगून टाकलं. डॉक्टरांची लेखणी थांबली.

"ग्रहणाच्या वेळी कितवा महिना होता?"

"सातवा सरला होता, डॉक्टर."

"नक्की?"

"नक्की. विसरेन कशी?"

"सरी," म्हणजे बरं, असं कानडीत म्हणाले, नीट लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे वळले.

संध्याकाळी व्यंकोजी डबा घेऊन आला. राजलक्ष्मी त्याला म्हणाली, "एवढे शिकलेले डॉक्टर, त्यांनीही ग्रहण लिहून घेतलं. म्हणजे खरंच असणार." तो डब्याचं झाकण उघडत राहिला.

शस्त्रक्रिया झाली. माझा बराचसा भाग डॉक्टरांनी वसूच्याच बोटांच्या कडांना लावला, आणि उरलेला मी बरणीत आलो. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. विद्यार्थी वाकून वाकून बघायचे. शेजारच्या बरणीत एक गाठ आहे. तिच्याही पेशींना वेळेवर मरणं ठाऊक नव्हतं, आणि तिनं तर माणूसच नेला. तिच्या मानानं मी साधा गुन्हेगार.

एके दिवशी डॉक्टर त्रिविक्रमांनी मला हातात घेतलं आणि तोच कागद काढून इंग्रजीत शिकवलं. म्हणाले, बोटांमधल्या पेशींचं मरण ठरलेलं असतं आणि तिसरा महिना सरायच्या आत ते उरकतं. या मुलीच्या आईला वाटतं की ग्रहणात शिवल्यानं असं झालं. पण ग्रहण लागलं तेव्हा सातवा सरला होता. जे व्हायचं ते पाच महिने आधीच होऊन गेलं होतं. सगळे हसले. मला मात्र राजलक्ष्मीचं "माझं चुकलं गं" आठवलं.

मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, हे त्या आईला सांगितलंत?"

डॉक्टर म्हणाले, "ती घरी गेली होती तोवर. राहून गेलं." मग कागद उलटून म्हणाले, "पत्ता आहे म्हणा इथं." आणि तास संपला.

त्यानंतर तीन वर्गांना त्यांनी हेच शिकवलं. तो प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. आता माझ्या बरणीवर धूळ आहे आणि पाणीही पिवळं पडलंय.

मित्रांनो, तुम्ही पुढे मोठे व्हाल, पुष्कळ शिकाल. जे कळेल ते आधी ज्याचं दुखतंय त्याला सांगा, वर्गाला मागाहून सांगा. आणि तुमच्यापैकी कोणी बसवनगुडीत राहत असेल, तर नंदीच्या देवळाच्या उतारावर व्यंकोजी शिंप्याचं दुकान विचारा. दुकानात थांबू नका, मागच्या घरात जा. तिथं राजलक्ष्मी नावाची बाई असेल. तिला तिच्या भाषेत, तिच्याजवळ बसून, दोनदा सांगा की चूक माझी होती.