घंटी दोन्हीकडे वाजेल का?

टेलिफोन खात्यात मी वायरमन. पण सकाळी चौकशीच्या खिडकीवरही मलाच बसवायचे, कारण साहेबाला लोकांची तोंडं बघायचा कंटाळा. लोक तरी काय विचारायचे? घर बदललं तर नंबर तोच राहतो का? लाईट गेली तर फोन चालतो का? लाईन मेली, कधी जिवंत होणार? निम्म्या वेळा लाईन मेलेली नसायचीच, पोरांनी रिसीव्हर तिरका ठेवलेला असायचा. उत्तरांचं एक छापील पुस्तक होतं. ते लिहिणाऱ्यानं जन्मात कुणाला घरी फोन केला नसावा.

एक दिवस एक म्हातारी आली. खिडकीवर कोपर टेकून म्हणाली, "एका नंबरावर दोन घरांत घंटी वाजेल का रे बाबा?"

"जादा फोन एकाच घरात मिळतो," मी पोपटासारखं म्हटलं.

"घर एकच होतं की. पोरांनी मधे भिंत घातली."

दोन मुलगे, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आईचीही वाटणी केलेली. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे, वळकटी काखोटीला मारून. फोन राहिला थोरल्याच्या बाजूला. परगावी हिची मोठी बहीण अंथरुणाला खिळलेली. भाचा कामावर जाताना नंबर लावून रिसीव्हर तिच्या कानाशी द्यायचा. तेव्हा खिशात फोन नव्हते. फोन आला आणि आई धाकट्याकडे असली, की थोरला सांगायचा, "ती इथं नाही." आणि खट्टकन ठेवायचा. नाही म्हणे! वीतभर भिंतीपलीकडे बसलेली असायची.

"हाक मारली तर येईन मी," म्हातारी म्हणाली, "पण धाकट्याच्या घराकडे तोंड करून हाक मारायची म्हणजे थोरल्याची मान खाली जाते ना. ताईचं आता काही खरं नाही रे. तिचा आवाज ऐकायला मिळावा, एवढंच."

माझं टाळकं सरकलं. "धाकट्यानं नवा फोन का नाही घेतला?"

"म्हणतो, बापाच्या फोनवर माझाही हक्क आहे."

"बापाच्या? अजून त्यांच्याच नावावर आहे?"

"दोघं एकमेकांच्या नावावर होऊ देतील तर ना!"

नवऱ्यामागे फोन बायकोच्या नावावर करायला फक्त बायकोची सही लागायची. पोरांना कोण विचारतो? हे पुस्तकात होतं. पण तिनं विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची आमच्या खात्याला सवय नव्हती.

"आजी, हा फोन तुमचा आहे."

"माझा? माझ्या नावावर पायातली चप्पलसुद्धा नाही रे," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

तिची सही घेऊन फोन तिच्या नावावर केला आणि भिंतीपलीकडे जादा फोनचा अर्जही भरला. साहेब आडवा आला. "भिंत आहे म्हणजे दोन घरं. नियम आहे."

"साहेब, फोनची मालकीण दोन्हीकडे राहते. तिचं घर कुठलं ते तुम्ही सांगा. मी जाऊन तसं तिला सांगतो."

साहेबानं कागद पुढं ओढला. सही केली.

ड्रिल घेऊन गेलो तर थोरला दारात उभा. "माझ्या भिंतीला भोक पडणार नाही."

पलीकडून धाकटा ओरडला, "भिंत निम्मी माझी आहे, सांगा त्याला!"

"त्याला म्हणावं, विटा कोणी आणल्या?"

"मी काय तुमचा निरोप्या आहे?" मी म्हटलं. "मालकीणबाई, काय करू?"

म्हातारीनं कंबरेवर हात ठेवले. "पाड."

पाडलं. थोरल्याची बायको धूळ पडू नये म्हणून खाली जुनी चादर धरून बसली. वायर पलीकडे ओढली, धाकट्याच्या खोलीत दुसरा फोन जोडला. बहिणीच्या फोनची वेळ झालीच होती, म्हणून तिथंच थांबलो.

घंटी दोन्हीकडे वाजली. म्हातारीनं झडप घातली. "ताई? अगं, मोठ्यानं बोल! काहीच कळत नाही!"

"पलीकडेही उचललाय," मी म्हटलं. "दोन्ही उचलले की आवाज बारीक होतो. एक ठेवायला हवा."

म्हातारी धाकट्याकडे बघायला लागली. तो भिंतीकडे. मग त्यानं तिच्या हातातून रिसीव्हर घेतला. घसा खाकरला. "दादा... आईला ऐकू येत नाहीये."

मला वाटलं, झालं, आता पेटणार.

"मावशी, मी थोरला," पलीकडून आवाज आला, फोनमधूनही आणि भिंतीतूनही. "आई इथंच आहे हं. मी ठेवतो, तू बोल तिच्याशी."

खट्ट झालं. म्हातारीनं धाकट्याच्या हातातून रिसीव्हर घेऊन कानाला दाबला.

"हां, आता आलीस गं! कुठं जाणार मी? इथंच होते. नाही, रडत नाहीये, तू बोल. सावकाश बोल, घाई नाही. उद्याही मीच उचलीन."